मान्यार, बाजू दुसरी

[तबकडी फिरते आहे. सुई टेकते.]

आधी नुसती खरखर. मग बासरी, ओबो, क्लॅरिनेट आणि बसून या फुंकवाद्यांचे सूर एकत्र. चर्चमधल्या ऑर्गनसारखे संथ, जरासे कोरडेच.

फ्रेंच संगीतकार आल्बेरिक मान्यारची तिसरी सिंफनी. १८९६ साली पुरी झाली. नाव नवीन वाटलं तर संकोच नको, मलाही ते या वेष्टनावरच पहिल्यांदा भेटलं.

[वेष्टन, जवळून]

दुसरं नाव संचालक एर्नेस्ट आन्सेर्मेचं. मुळात गणिताचा मास्तर. १९१८ मध्ये त्याने जिनिव्हात ‘ऑर्केस्ट्र द ला स्विस रोमांद’ हा वाद्यवृंद उभा केला. हे ध्वनिमुद्रण १९६८ चं, तेव्हा त्याने ऐंशी ओलांडली होती. पुढच्या वर्षी तो गेला.

[जिनिव्हा, व्हिक्टोरिया हॉल. कॅमेरा वर जातो.]

डेक्का कंपनी या वाद्यवृंदाला रेकॉर्ड करायची ती इथे, या सोनेरी नक्षीखाली. छतावरची चित्रं मात्र १९८४ च्या आगीनंतरची.

[गच्ची. बांबू, तीन वाट्या.]

ही आमची गच्ची, हसू नका. ‘डेक्का ट्री’, म्हणजे डेक्काची तीन माइकची मांडणी, दाखवायला बांबू बांधलेत, माइकच्या जागी स्टीलच्या वाट्या. दोन डावी-उजवीकडे, तिसरी थोडी पुढे, वादकांच्या अंगाला. हा सांगाडा संचालकाच्या डोक्यावर, साधारण दहा फुटांवर टांगायचा. कडेला जादा माइक असतात, पण मुख्य भार या तिघांवर. हे माइक चहूबाजूंनी ऐकतात, त्यामुळे वाद्याबरोबर हॉलही टेपवर उतरतो. सिंफनीच्या तिसऱ्या भागात, ‘पास्तोराल’मध्ये, ओबो थांबतो तेव्हा कान द्या. त्याच्यामागे भिंत वाजते. हल्लीच्या घासूनपुसून केलेल्या ध्वनिमुद्रणांत मला ती भिंत सापडत नाही.

[मान्यारचा फोटो. छापील स्वरलिपी.]

वडील ‘ल फिगारो’ या फ्रेंच वृत्तपत्राचे संपादक. मुलाला तीच ओळख टोचायची. ही सिंफनी १८९९ मध्ये पॅरिसात वाजली तेव्हा संचालन त्याने स्वतःच केलं. पुढे प्रकाशकांचे उंबरठे झिजवले नाहीत. ‘लेमान्सिपात्रिस’ नावाच्या कम्युनिस्ट छापखान्यातून पदरमोड करून आपलं संगीत छापून घेतलं. आता छापलं खरं, पण दुकानोदुकानी नेणार कोण? बर्लिनला १९०५ मध्ये पियानोवादक-संगीतकार बुसोनीने वाद्यवृंदाकडून ही सिंफनी वाजवून घेतली, एवढं भाग्य. त्या हट्टाची किंमत तो मोजत राहिला. प्रकाशकाने करायचं काम साठ-सत्तर वर्षांनी या तबकडीने केलं.

[बारों गाव. रस्ता, पाटी.]

३ सप्टेंबर १९१४. पहिलं महायुद्ध. जर्मन सैनिक इथल्या मान्यारच्या घराच्या आवारात शिरले, त्याने गोळ्या झाडल्या. तो मेला, घर जळलं, कपाटातली हस्तलिखितं गेली. तिसरी छापलेली होती, ती राहिली.

[पुन्हा तबकडी. हात बाजू उलटतो.]

शेवटच्या भागात सुरुवातीचे ते कोरडे सूर परत येतात. मी आता गप्प बसतो.