एक कोयता म्हणजे किती माणसे?

श्रोतेहो, नमस्कार.

दसरा-दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, हे आपल्याला ठाऊक आहे. या मजुरांची मोजणी ज्या शब्दाने होते, तो शब्द मात्र लक्ष देऊन ऐकण्यासारखा आहे. मुकादमाच्या हिशेबात माणसे नसतात, कोयते असतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर वाहून गाडीत भरायच्या, ही सारी कामे दोघे मिळून करतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मात्र जोडीला मिळून एकच ठरते आणि ती बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. एकटा आलेला मजूर 'अरधा कोयता' या नावाने ओळखला जातो. बाईची वेगळी मजुरी किती, या प्रश्नाला या हिशेबात जागाच नाही.

स्त्रीवादी अर्थशास्त्राची ओळख करून देताना मी कोयत्यापासून सुरुवात करतो, कारण मुकादमाची ही रीत अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही सापडते. तिथे तिचे नाव 'कुटुंब' असे आहे. कुटुंबाचे उत्पन्न, कुटुंबाची पसंती, कुटुंबाचा निर्णय अशी भाषा आपण वर्गात इतक्या सहजपणे वापरतो, की कुटुंबात एकाहून अधिक माणसे राहतात याचा विसर पडावा. शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कुटुंबाचे जे प्रारूप मांडले, त्यात घरातला कर्ता परोपकारी असतो आणि त्याच्यामुळे बाकीच्यांचे हितही आपोआप साधले जाते. बेकर यांना १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, की घर हा अर्थशास्त्राच्या अभ्यासाचा विषय आहे हे या शास्त्रातल्या मातब्बरांना त्यांनीच पटवून दिले. अडचण आहे ती त्या परोपकारी कर्त्याची. ज्याने मराठी घर आतून पाहिले आहे, त्याला हा कर्ता थोडा अनोळखीच वाटेल.

अमर्त्य सेन यांनी १९९० साली नवरा-बायकोच्या याच नात्याला सहकार्यमय संघर्ष म्हटले. एकत्र राहण्यात दोघांचाही फायदा असतो म्हणून सहकार्य होते, आणि त्या फायद्याची वाटणी कशी करायची यावर संघर्ष होतो. बीना अगरवाल यांनी हा विचार शेतजमिनीपर्यंत नेला. १९९४ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी दाखवले, की घरातल्या वाटाघाटीत बाईचे वजन ती किती कमावते एवढ्यावरच ठरत नाही. उद्या हे घर सोडावे लागले तर तिच्यापाशी स्वतःचे काय उरेल, यावरही ते ठरते. तिच्या नावावर जमीन असेल, तर घरात राहूनही तिचा शब्द जड होतो. पुढे त्यांनी प्रदीप पांडा यांच्यासह तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील सुमारे ५०० विवाहित स्त्रियांचा अभ्यास केला. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती आणि घरही नव्हते, अशा स्त्रियांपैकी ४९ टक्क्यांनी दीर्घकाळ शारीरिक मारहाण सोसल्याचे सांगितले. जमीन आणि घर दोन्ही नावावर असलेल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ७ टक्के होते. परोपकारी कर्त्याच्या प्रारूपात या दोन आकड्यांमधल्या अंतराचा उलगडा होत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न विद्यापीठांच्या बाहेरही विचारला गेला होता. शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन १९८६ साली चांदवडला भरले, आणि त्यानंतरच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावे करून दिला. हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचे स्थान महाराष्ट्राने १९९४ साली दिले. देशभर ते २००५ साली आले. सातबाऱ्यावर नाव लागणे आणि पीक विकल्यावर पैसा हाती येणे यांत पुष्कळ अंतर आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता पुन्हा ऊसतोड मजुरांकडे, त्यांच्या कोपीकडे म्हणजे झोपडीकडे वळू. ऊसतोड करणारी बाई फडात जाण्याआधी, पहाटेच्या अंधारात उठून पाणी आणते, चूल पेटवते, दोन वेळच्या भाकरी थापते. या कामाचे अर्थशास्त्रात काय होते? केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली एक अवघड गोष्ट सहज नोंदवून ठेवली: एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामवालीशी किंवा स्वयंपाकिणीशी लग्न केले, तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते. पिगू यांना ही विसंगती दिसली होती, तरी मोजणीत बदल झाला नाही.

राष्ट्रीय उत्पन्नाचे हिशेब कसे ठेवावेत याची संयुक्त राष्ट्रांची नियमावली आहे, आणि तिच्यात उत्पादनाची एक सीमारेषा आखलेली आहे. १९९३ च्या आवृत्तीनुसार घरासाठी पाणी वाहून आणणे व सरपण गोळा करणे हे उत्पादन ठरते. त्याच पाण्याने आणि त्याच सरपणावर भात शिजवणे हे मात्र उत्पादन नव्हे. हंडा चुलीपाशी टेकवला, की बाई अर्थव्यवस्थेच्या बाहेर पडते. नियमावलीने याचे कारणही दिले आहे: घरातली सेवा उत्पादन मानली, तर जवळजवळ सगळी प्रौढ लोकसंख्या कामकरी ठरेल आणि बेकारीच्या आकड्याला अर्थ उरणार नाही. कारण खोटे नाही. पण मोजमापाची सोय जपण्यासाठी काम नाकारले गेले, हे त्यातून उघड होते. न्यूझीलंडच्या मॅरिलिन वेरिंग यांनी १९८८ साली नेमके यावरच बोट ठेवले. त्याआधी कितीतरी वर्षे, १९३४ मध्ये, अमेरिकेच्या मार्गारेट रीड यांनी एक साधी कसोटी सुचवली होती, की जे काम मोबदला देऊन तिसऱ्या माणसाकडून करून घेता येते ते उत्पादन समजावे. स्वयंपाक या कसोटीला उतरतो, जेवणे उतरत नाही. इतकी सुटसुटीत कसोटी हाताशी असताना आपण नव्वद वर्षे का घालवली, याचे मला अजूनही नवल वाटते.

आपल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ९२ आणि ९३ असे दोन संकेतांक आहेत. फक्त घरकाम करणारी व्यक्ती ९२ मध्ये जाते. घरकामासोबत सरपण, भाजीपाला, वैरण गोळा करणारी किंवा घरच्यासाठी शिवणटिपण करणारी ९३ मध्ये जाते. दोन्ही संकेतांक श्रमशक्तीच्या बाहेरचे. म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमावली ज्या कामाला उत्पादन म्हणते, ते करणारी बाईदेखील आपल्याकडे कामकरी गणली जात नाही.

यावर तोडगा म्हणून 'तुम्ही काम करता का' हा प्रश्न बाजूला ठेवून 'कालचा दिवस कसा गेला' असे विचारण्याची पद्धत आली. भारतात १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत तसे वेळ-वापर सर्वेक्षण झाले, आणि २०१९ मध्ये ते पहिल्यांदा देशभर झाले. त्यात आढळले, की विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात आणि पुरुष ९७ मिनिटे. ही सरासरी ऐकून पुरुषांविषयी फार बरे मत करून घेऊ नये, कारण घरकामाला हात लावणारे पुरुषच मुळात २६ टक्के होते. सगळ्या पुरुषांत वाटली तर ती मिनिटे २५ वर येतात. २०२४ च्या सर्वेक्षणात स्त्रियांची मिनिटे २८९ झाली आणि पुरुषांची ८८, म्हणजे बायकांचे काम थोडे कमी झाले ते पुरुषांनी उचलले असे म्हणता येत नाही.

या मिनिटांची किंमत लावावी का, यावर स्त्रीवादी अभ्यासकांतच दुमत आहे. किंमत लागली तर धोरणकर्ते लक्ष देतील, असे एक मत आहे. दुसऱ्या बाजूला भीती अशी, की घरकामाला दाम मिळाला म्हणजे ते बायकांचेच काम यावर शिक्का बसेल. मला दुसरी भीती रास्त वाटते; पण न्यायालयाला हा वाद मिटेपर्यंत थांबता येत नाही. अपघातात गृहिणी दगावली, तर नुकसानभरपाईसाठी तिच्या कामाला आकडा द्यावाच लागतो. मोटार वाहन कायद्याला १९९४ साली जोडलेल्या दुसऱ्या परिशिष्टात न कमावत्या जोडीदाराचे उत्पन्न कमावत्या जोडीदाराच्या एक तृतीयांश धरले होते. मुकादमाकडे जी बाई जोडीतली अर्धी असते, ती त्या परिशिष्टात त्याहूनही खाली उतरली. पुढे, जानेवारी २०२१ मध्ये, दिल्लीतल्या एका दांपत्याच्या अपघाती मृत्यूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीचे कल्पित उत्पन्न धरणे म्हणजे तिच्या श्रमाची दखल घेणे होय, असे म्हटले. आणि निकालपत्रात त्यासाठी आधार म्हणून ती २९९ मिनिटे नोंदवली गेली.