सोसायटीचे दफ्तर आणि अडचणीचा काळ

मित्रहो, सहकारी गृहनिर्माण संस्था अडचणीच्या काळात रहिवाशांच्या कशा उपयोगी पडतात, असा विषय निघाला की आपल्याला २०२०च्या टाळेबंदीत फाटकाशी ठेवलेल्या भाजीच्या पिशव्या आठवतात. त्या पिशव्यांचे मोल मी कमी करत नाही. परंतु काही वर्षे सचिवपद सांभाळल्यावर माझे मत असे झाले आहे की, संकटात माणसाला खरा हात मिळतो तो सोसायटीच्या लोखंडी कपाटातून. आणि ते कपाट संकट येण्याआधी कुणीतरी नीट लावलेले असावे लागते.

आपल्याकडच्या या चळवळीला संकटाची पार्श्वभूमी आहेच. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, दाटीवाटीच्या वस्तीचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १८९८ मध्ये शहरातली वस्ती सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १९१५ मध्ये श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. सहकाराकडे ते बँकेच्या वाटेने आले होते, हे मला महत्त्वाचे वाटते. घर बांधण्याआधी हिशेब लिहिण्याची सवय त्यांना होती.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरची कुटुंबे त्या रात्री वरच्या मजल्यांवर गेली. त्यासाठी ठराव लागला नाही. सोसायटीचे काम सुरू झाले दुसऱ्या दिवशी. जमिनीखालच्या टाकीत गटाराचे पाणी शिरलेले, पंपाची मोटर जळालेली, मीटरच्या खोलीत चिखल. टाकी उपसून, घासून, जंतुनाशक टाकून धुतल्याशिवाय गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवता येत नाही, आणि या सगळ्याला त्याच दिवशी पैसे लागतात. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे संस्था चालवण्याच्या नमुना नियमांप्रमाणे, बांधकामखर्चाच्या किमान पाऊण टक्का रक्कम दरवर्षी दुरुस्ती निधीत आणि किमान पाव टक्का सिंकिंग फंडात, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायच्या निधीत, जमा व्हायला हवी. मेंटेनन्स वाढवला की सभेत आरडाओरडा होतो, म्हणून ज्या समित्या वर्षानुवर्षे ही वर्गणी टाळतात, त्यांच्याकडे अशा वेळी सहानुभूती भरपूर असते आणि पंप दुरुस्त करणाऱ्याला द्यायला पैसे नसतात.

टाळेबंदीतली अडचण निराळी होती. एका संध्याकाळी आमच्याच इमारतीतले एक गृहस्थ दाराबाहेर, उंबऱ्यापासून चांगले दोन हात लांब उभे राहून म्हणाले, “काका, एप्रिलपासून पगार निम्म्यावर आलाय. या तिमाहीचं जमणार नाही.” त्या वेळच्या उपविधींप्रमाणे थकबाकीवर सरळव्याजाने दरसाल जास्तीत जास्त २१ टक्के आकारता येत होते, पण ही कमाल मर्यादा होती, प्रत्यक्ष दर सर्वसाधारण सभेने ठरवायचा होता. सचिवाने दयेपोटी परस्पर व्याज माफ करणे जितके नियमबाह्य, तितकेच सभेला न विचारता २१ टक्के लावणेही नियमबाह्य. मी त्यांच्याकडून हप्त्यांचा लेखी अर्ज घेतला आणि व्याजाचा विषय पुढच्या सभेपुढे ठेवला. थकबाकीदारांची नावे फलकावर लावण्याची काही पदाधिकाऱ्यांना फार हौस असते. त्या वर्षी तरी ती आवरायला हवी होती. तसेच, रुग्णालयात काम करणाऱ्या रहिवाशाला त्याच्याच घरी येण्यास मज्जाव करण्याचा अधिकार कोणत्याही उपविधीत नाही, हेही काही ठिकाणी लोक विसरले.

सर्वांत अवघड प्रसंग असतो तो सभासदाच्या मृत्यूनंतरचा. आपल्यानंतर घरासाठी सोसायटीने कुणाचे नाव धरावे हे सांगणारा नामनिर्देशनाचा अर्ज तीन प्रतींत भरलेला आणि नोंदवहीत चढवलेला असेल, तर सहकार कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरते सभासदत्व मिळू शकते. मालकी कुणाची हे वारसाहक्काच्या कायद्याने ठरायचे ते ठरते, पण तोवर सोसायटीच्या दप्तरी त्या घरासाठी एक माणूस उभा राहतो. अर्ज नसेल तर दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस, वारसांचे दावे, हमीपत्रे, आणि त्यात एखादा भाऊ परदेशी असला तर वर्ष सहज जाते. आमच्याकडे एका बाईंना या सगळ्यातून जावे लागले. त्यांच्या यजमानांचा अर्ज कपाटात सापडला खरा. नाव, सदनिका क्रमांक, साक्षीदार, सगळे भरलेले होते, फक्त सही राहून गेली होती. तो कागद माझ्याकडे आला तेव्हाच मी तो उलटून पाहायला हवा होता.

तेव्हापासून वार्षिक सभेला मी कोरे अर्ज आणि दोन पेने घेऊन बसतो. “आमच्या मरणाची तयारी का?” असे कुणीतरी दरवर्षी विचारतेच. चहा येईपर्यंत चार-पाच अर्ज भरून होतात, आणि मी प्रत्येकाची सही बघूनच ते फायलीत लावतो.