प्रार्थनेचं कंट्रोल

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीने मला ‘श्रद्धा आणि विज्ञान’ हा विषय दिला होता. मुद्देही काढून झाले होते. पण गेल्या महिन्यात आमच्या घरी एक भांडण झालं आणि त्यानंतर ते मुद्दे मला वाचवेनात. तेव्हा आज त्या भांडणाबद्दलच बोलते. मुलीला विचारून बोलतेय. ती बारा वर्षांची आहे. परवानगी देताना तिने एकच अट घातली, “सांग, पण उत्तर मिळालं असं सांगू नकोस.”

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी पेशंटचा पहिला नमुना लावायच्या आधी आम्ही कंट्रोल लावतो. कंट्रोल म्हणजे एक छोटी बाटली. आतल्या द्रवात साखर किती, पोटॅशियम किती, हे आधीपासून ठाऊक असतं. मशीनने तो आकडा ठरलेल्या मर्यादेत दाखवला तर दिवसाचं काम सुरू. नाही दाखवला तर सगळं थांबवायचं, बाहेर कितीही नमुने साठलेले असोत. दर वेळचा आकडा आलेखावर ठिपका म्हणून पडतो. हे सगळं मी एकदा मुलीला जेवणाच्या टेबलावर, बिलाच्या पाठीमागे रेघा मारून समजावलं होतं. तिला फार आवडलं होतं.

आमच्याकडे रात्री जेवणानंतर प्रार्थना असते. एक उतारा वाचायचा, मग प्रत्येकाने आपल्या शब्दांत दोन वाक्यं बोलायची. त्या रात्री तिने डोळे मिटले नव्हते. मी म्हटलं, “डोळे मीट.”

ती म्हणाली, “आई, याचं कंट्रोल काय?”

मला कळलंच नाही. “कशाचं?”

“प्रार्थनेचं. मशीन बरोबर चाललंय हे तुला रोज सकाळी कळतं. हे बरोबर चाललंय हे तुला कसं कळतं?”

मी म्हटलं, प्रार्थना म्हणजे मशीन नव्हे. त्यावर ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “आजीसाठी आपण चार महिने केली होती. रोज.”

माझी आई गेल्या वर्षी गेली. मला तेव्हा भारतात जाता आलं ते सगळं झाल्यावर. इथे बसलेल्या कितीतरी जणांना असंच उशिरा पोचावं लागलंय, त्यामुळे जास्त सांगत नाही. पण मुलीच्या त्या वाक्यावर मी खुर्ची मागे ढकलून उठले आणि ओरडले, “असं बोलायचं नसतं!” ती उठून खोलीत गेली. उतारा तसाच उघडा राहिला.

असं बोलायचं नसतं. रात्रभर माझंच वाक्य माझ्या कानात वाजत होतं. उद्या लॅबमध्ये एखाद्या नवीन मुलीने विचारलं, “मॅडम, आज कंट्रोल लावलं का?” आणि मी म्हटलं, “असं विचारायचं नसतं”, तर त्या दिवसापासून मला तिथे काम करू देऊ नये. मग तेच वाक्य घरी माझ्या तोंडात आलं कुठून?

लहानपणी दिवेलागणीला शेजारच्या घरातून शुभंकरोति यायचं आणि आमच्या घरातून ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं भजन. पेटी काकांची, टाळ आमच्याकडे. पुस्तकाला पाय लागला की ते दोन्ही घरांत कपाळाला लावायचो. नाताळची चांदणी लावायला शेजारचीच मुलं गच्चीवर चढायची. आजीच्या जाड बायबलाच्या पहिल्या कोऱ्या पानावर घरातल्या सगळ्यांचे जन्म लिहिलेले असत. त्या घरात श्रद्धा शिकवावी लागली नाही, ती हवेतच होती. आणि हवेबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. इथे आमच्या मुलांना ती हवा नाही. त्यांना प्रत्येक श्वास विचारून घ्यावा लागतो. ही मला त्यांची उणीव वाटायची. आता तसं वाटत नाही.

कारण आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या पूर्वजांना तरी ती हवा कुठे मिळाली होती? नीलकंठशास्त्री गोरे काशीचे पंडित. ख्रिस्ती मताचं खंडन करायचं म्हणून त्यांनी ते मत वाचायला घेतलं, संस्कृतात ग्रंथ लिहिला, मिशनऱ्यांशी वाद घातले. खंडनासाठी जितकं खोल जावं लागलं तितके ते आत गेले आणि १८४८ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही शंकांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. आयुष्यभर ते स्वतःशी वाद घालत राहिले. लहानपणी मला त्यांचं नाव मोठ्या भक्ताचं म्हणून सांगितलं गेलं. शंकांचं कोणी सांगितलं नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळात नवरा जाईल तिकडे बायको, हा नियम. पण लक्ष्मीबाई पाच वर्षं थांबल्या. रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या, सोवळं पाळलं, मग स्वतःच्या डोक्याने विचार करून ते सोडलं आणि १९०० साली आपल्या पायांनी चालत गेल्या.

आणि पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये, वाँटेजच्या सिस्टरांच्या मठात असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. छोटी मनोरमा सोबत होती. परका देश, पैसा नाही, आसरा त्याच सिस्टरांचा. तरीही जे मनाला पटत नाही ते त्यांनी केवळ मठ सांगतो म्हणून मान्य केलं नाही. एका पुरोहितवर्गाचं जोखड उतरवून आले ते दुसऱ्याचं मानेवर घ्यायला नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. मनोरमेला काय शिकवायचं यावरूनही त्यांचे सिस्टरांशी खटके उडाले. पुढे याच बाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबायचं नाही, मुळात काय लिहिलंय ते स्वतः बघायचं, हे त्यांच्या भक्तीचंच अंग होतं. ही आमची आजी-पणजी. त्यांच्या पुढच्या पिढीतली मी, पोटच्या मुलीला म्हणते की असं बोलायचं नसतं.

बायबलमध्ये थोमाची गोष्ट आहे. येशू मेलेल्यातून उठला आणि शिष्यांना दिसला, तेव्हा थोमा तिथे नव्हता. बाकीचे म्हणाले, आम्ही प्रभूला पाहिलं. थोमा म्हणाला, खिळ्यांचे व्रण पाहून त्यात बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. मग आठ दिवसांनी येशू पुन्हा आला आणि थोमाला म्हणाला, ये, बघ. यावर मी शेकडो प्रवचनं ऐकली आहेत. सगळी थोमावर आणि त्या शेवटच्या भेटीवर. पण भांडणानंतरच्या आठवड्यात मला त्या मधल्या आठ दिवसांचंच सुचत होतं. त्या आठ दिवसांत बाकीच्यांनी थोमाला काय म्हटलं असेल? त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, हा त्यांना खोटं ठरवत होता. पण आठ दिवसांनी दारं बंद असलेल्या त्याच घरात थोमा त्यांच्याबरोबर बसलेला आहे. म्हणजे त्याला कोणी घालवलं नाही. आणि तोही उठून गेला नाही. माझ्या घरात मात्र एक मिनिट पुरलं.

आता थोडं तुम्हा सगळ्यांना बोलते, राग मानू नका. इथल्या किती घरांत मुलांच्या गणिताच्या, रोबोटिक्सच्या बक्षिसांचे फोटो भिंतीवर आहेत! ‘का’ विचारलं की आपण कौतुक करतो, शिक्षकांना फोन करून सांगतो. तेच मूल आरतीच्या वेळी विचारतं, या ओळीचा अर्थ काय, आणि आपण म्हणतो, “नुसतं म्हण, टाळ्या वाजव.” आमच्या चर्चमध्ये तेच होतं, फक्त टाळ्या नसतात. घरात कोणी गेलं की तिसऱ्या मिनिटाला आम्ही ‘देवाची इच्छा’ म्हणतो, का तर समोरच्याचं रडणं आपल्याला सोसत नाही. आणि ज्या हाताने दिवसभर प्रत्येक आकडा दोनदा पडताळतो, त्याच हाताने रात्री व्हॉट्सॲपवर चमत्काराचा निरोप न वाचता पुढे ढकलतो. मुलं हे बघतात. आपण देवघरापाशी बुद्धी चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो, हे त्यांना आपल्याआधी दिसतं.

मग याचं कंट्रोल काय? मी खरंच शोधलं.

एक प्रसंग आठवला. काही वर्षांपूर्वी माझ्या हातून दोन पेशंटांचे पोटॅशियमचे आकडे अदलाबदल होऊन गेले. कामाची पाळी संपताना त्याच पेशंटांचे आदल्या दिवसाचे आकडे समोर आले आणि पोटात खड्डा पडला. तळहाताला घाम, फोनवर हात. त्या क्षणी मनात आलं, “प्रभू, मला खरं बोलता येऊ दे.” फोन केला, वॉर्डाला सांगितलं, चूक माझी आहे. पेशंट सुखरूप होते. मला वाटलं, हेच उत्तर. प्रार्थना खरी की नाही ते दुसऱ्या दिवशीच्या वागण्यात दिसतं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातही तेच आहे, कृतीवाचून विश्वास मेलेला. पण मग आठवलं, माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी देव मानत नाही आणि असाच फोन त्यानेही केलाय, तोही न कचरता. म्हणजे माझा पुरावा टिकला नाही. लॅबमध्ये मी तो मान्य केला नसता, म्हणून घरीही करत नाही.

आणि असे पुरावे गोळा करायचा मोह सुटावा म्हणून एक नाव मला फार उपयोगी पडतं, जॉर्ज लमेत्र यांचं. बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू आणि पदार्थवैज्ञानिक. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ साली समीकरणांतून मांडणाऱ्यांपैकी ते एक. १९५१ साली पोपनी जाहीर भाषणात या विज्ञानाला सृष्टीच्या निर्मितीची साक्ष म्हटलं. दुसरा एखादा धर्मगुरू सुखावला असता. लमेत्रना ते पटलं नाही. आपला सिद्धांत देवाच्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभा करू नये, असं त्यांचं मत होतं. रोज मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, अर्पण करणारा माणूस हे म्हणतो, याने मला धीर येतो.

आईच्या बायबलात मला एक चिठ्ठी सापडली होती. आठ घड्यांची, पेन्सिलने लिहिलेली. ती ज्यांच्यासाठी रोज प्रार्थना करायची त्यांची नावं. त्यात आम्ही होतो, शेजारच्या काकू होत्या, तिला सलाईन लावणारी नर्स होती, तिचं आडनाव बहुतेक आईला ठाऊक नव्हतं म्हणून नुसतं ‘उंच सिस्टर’. आईचं स्वतःचं नाव नव्हतं. आम्ही चार महिने तिच्यासाठी मागत होतो आणि ती त्या वेळात ‘उंच सिस्टर’साठी मागत होती. ही चिठ्ठी हातात घेतली की मला वाटतं, प्रार्थनेला मी जे मशीन समजत होते ते मुळात दुसरंच काहीतरी आहे. काय आहे ते मला अजून नीट शब्दांत पकडता येत नाही. पण तिच्या त्या पलंगापाशी कोणीतरी होतं, असं मी मानते. पुराव्याशिवाय मानते, आणि पुराव्याशिवाय मानते हे मुलीपासून लपवणार नाही.

भांडणाला आठ दिवस झाल्यावर मी मुलीची माफी मागितली आणि ती चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. तिने उलगडली, बोटाने एकेक नाव मोजलं. “सतरा,” म्हणाली. मग घड्या होत्या तशाच घालून मला परत दिली. तिला काय विचारायचं होतं ते मला ठाऊक आहे: यातले किती बरे झाले? तिने विचारलं नाही.

आमच्या लॅबमध्ये एक नियम आहे. एखादा ठिपका मर्यादेबाहेर गेला तर कोणालाही कळतं. पण कधी कधी सगळे ठिपके मर्यादेच्या आतच पडतात, फक्त सलग दहा ठिपके मधल्या, म्हणजे अपेक्षित आकड्याच्या, रेघेच्या एकाच बाजूला असतात. आकडा एकही चुकीचा नसतो. तरी आम्ही मशीन थांबवतो, कारण आत काहीतरी हळूहळू सरकत असतं. माझे स्वतःचे कित्येक रविवार असे गेलेत. गाणी पाठ, उभं राहायचं कधी ते पाठ, आमेन पाठ.

आता रात्री प्रार्थनेला ती वेळेवर येऊन बसते. डोळे मिटते. आपली दोन वाक्यं बोलते. मी रोज विचारते, “काही विचारायचंय?” ती म्हणते, “नाही.” आमेन आमच्याबरोबर म्हणते आणि दप्तर भरायला उठते. काल तेविसावा दिवस होता.

धन्यवाद.