हजार विड्यांचा दिवस

(दृश्य : सोलापूर, पूर्व भाग. पहाट. ओलं गोणपाट उघडलं जातं.)

पूर्व भागातल्या या गल्लीत दिवस पानांनी सुरू होतो. काल कारखान्यातून आणलेली तेंदूची पानं रात्रभर ओल्या गोणपाटात ठेवली होती. कोरडं पान वळताना तडकतं. ते मऊ पडलं की त्यावर पत्र्याचा साचा ठेवायचा आणि कात्रीने कडेकडेने कापत जायचं, जाड शिरा टाळत. एका पानातून किती तुकडे निघतात यावर इथे बरंच अवलंबून असतं. कारखाना पान आणि तंबाखू मोजून देतो. पान फाटकं निघालं, कमी पडलं, तर कमी पडलेलं बाजारातून स्वतःच्या पैशाने आणायचं.

(दृश्य : हात, जवळून.)

आता हात बघा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. चिमूट पानावर पसरते, पान तिरकं वळतं, तोंड आत मोडलं जातं, दोऱ्याचे वेढे बसतात, विडी सुपात पडते. ही दृश्यं आम्ही मुद्दाम संथ केली आहेत. एरवी ते दिसतच नाही, इतकं झटकन होतं. पंचवीस विड्यांचं एक बंडल, चाळीस बंडलं म्हणजे हजार. मजुरी या हजारावर ठरते. मध्ये चूल असते, नळाला पाणी येतं, पोराला शाळेत सोडायचं असतं. सूप खाली ठेवायचं, परत मांडीवर घ्यायचं. घरातली शाळकरी मुलगी दोरा बांधायला बसते, म्हातारी सासू पानं निवडते. हजार पुरे होतात ते सगळ्यांच्या हातांनी, मजुरी मात्र एकीचीच मिळते.

(दृश्य : कारखान्याच्या शाखेत रांग.)

डोक्यावर विड्यांची टोपली घेऊन विडी वळणाऱ्या बाया, इथल्या अक्का, रांगेत उभ्या आहेत. टेबलापलीकडचा माणूस बंडल हातात घेतो, बोटांनी दाबतो, काही विड्या बाजूला टाकतो. ही छाट. बाजूला टाकलेल्या विडीचे पैसे नाहीत.

या शहरात हजारो बाया हेच काम करतात. पुष्कळजणी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतल्या. त्यांच्या आधीच्या पिढ्या विणकामासाठी तेलंगणातून इथे आल्या. 1877 साली सुरू झालेली जुनी गिरणी, मग लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. गिरण्या बंद पडत गेल्या तसे पुरुष यंत्रमागाकडे वळले आणि घर विडीवर चालू लागलं.

घरी बसून विडी वळणारी बाईसुद्धा कामगार आहे, हे 1966 साली संसदेने कायदा करून मान्य केलं. विडी आणि सिगार कामगारांसाठी तो स्वतंत्र कायदा होता. त्यात भरपगारी रजा आली, बाळंतपणाचे लाभ आले, छाट किती काढायची याला नियमांनी मर्यादा आली. पाळलं किती गेलं हे या गल्लीत कोणालाही विचारा. पण भांडायला कागद हातात होता. 1976 साली आणखी दोन कायदे झाले. विडीवर उपकर बसला आणि त्या पैशातून कल्याण निधी उभा राहिला. दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरासाठी मदत, सगळं त्यातून. 2017 ला जीएसटी आला, उपकर रद्द झाला आणि विडीवर 28 टक्के कर लागला. विडीतून सरकारकडे जाणारा पैसा थांबला नाही. तो विडी कामगारांच्या नावाने वेगळा ठेवायचं थांबलं.

(दृश्य : कुंभारी, वरून. घरांच्या रांगा.)

हे सोलापूरजवळचं कुंभारी. गोदूताई परुळेकर वसाहत, विडी कामगार बायांची दहा हजार घरं. लाल बावट्याखाली, माकपचे माजी आमदार नरसय्या आडम म्हणजेच आडम मास्तर यांच्या नेतृत्वात वर्षानुवर्षं मोर्चे निघाले, तेव्हा ही उभी राहिली. 2006 ला पंतप्रधान मनमोहन सिंग इथे आले. पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर उभं राहू लागलं. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या सोहळ्याला 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी आले. दोन्ही वेळा घर मिळालं ते मागून, रस्त्यावर उतरून. त्या घरांच्या आत सूप तेच आहे.

(दृश्य : यंत्रमाग, पाळी बदलताना.)

पुरुष मागावर. टॉवेल, चादर. बऱ्याच ठिकाणी बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात, ही सोलापुरात लपवून ठेवलेली गोष्ट नाही. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तास करायला मंजुरी दिली. जादा कामाला दुप्पट मजुरी, असं त्यात आहे. इथे आधी तो जादा वेळ लिहिला तरी गेला पाहिजे. त्याच वर्षी 18 मे रोजी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली, आठ जण गेले.

21 नोव्हेंबर 2025 ला केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या. 29 कायदे त्यात विरले, 1966 चा विडी कायदाही. त्याच्या जागी आता संहितेतली मोजकी कलमं आहेत. विडी कामगाराला किमान वेतनाची हमी, दिवसाला आठ ते बारा तास, आठवड्याला 48 तास, असं सरकार सांगतं. पण ही बाई तासावर काम करतच नाही. पहाटे कापलेलं पान, दुपारी वळलेली विडी, रात्री बांधलेलं बंडल, याचे तास कोण लिहिणार? तिच्या घरात घड्याळ लावून कोणता निरीक्षक बसणार?

(दृश्य : चार पुतळा ते पूनम गेट, मोर्चा.)

1930 च्या मे महिन्यात ज्या सोलापुराने इंग्रजांचा मार्शल लॉ सोसला, त्याच शहराचा हा रस्ता. लाडक्या बहिणीचे महिन्याला दीड हजार मोर्चातल्या अनेकींना मिळतात. 2024 च्या निवडणुकीत कबूल केलेले एकवीसशे 2025 च्या अर्थसंकल्पात आलेच नाहीत. आयुष्यभर पीएफ भरल्यावर पेन्शनची किमान रक्कम महिन्याला 1000 रुपये, 2014 पासून तेवढीच.

मागण्या फलकांवर आहेत. हजारी मजुरी किमान वेतनाइतकी द्या. पेन्शन वाढवा. विडी कामगारांचा स्वतंत्र कायदा परत आणा, आणि निधीही.