हुशारीचं नंतर बघू, आधी कागद वाचा

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. सायन्सला जायचं म्हणजे नव्वदच्या वर मार्क पाहिजेत, गणितात डोकं सुसाट चाललं पाहिजे, हे तुमच्या डोक्यात कोणीतरी पक्कं बसवलेलं असतं. मार्क लागतात, ॲडमिशनला लागतात, मी नाही म्हणत नाही. पण पुढची तीस-चाळीस वर्षं जे काम करायचंय तिथे बारावीचे मार्क कोणी विचारत नाही, तिथे वेगळंच काहीतरी लागतं, आणि ते काय हे मी एका मुलीवरून सांगतो.

जोसलिन बेल. 1967 साली केंब्रिजला पीएचडी करत होती, चोवीस वर्षांची. तिनेच नंतर सांगितलंय की तिला सारखं वाटायचं, यांनी आपल्याला चुकून घेतलंय, कधीतरी लक्षात येईल आणि हाकलून देतील. मग तिने ठरवलं की हाकलतील तेव्हा हाकलतील, तोपर्यंत जीव तोडून काम करू. आणि पहिली जवळपास दोन वर्षं काम काय, तर बाकीच्यांबरोबर टेलिस्कोप उभा करायचा. नळी आणि भिंगवाला नाही हां, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणारा रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे मोकळ्या मैदानात हजारभर लाकडी खांब ठोकायचे आणि त्यांच्यावर तारा ताणायच्या. फिजिक्सची डिग्री घेतलेली मुलगी हातात घण घेऊन खांब ठोकतेय, हे चित्र करिअर गाइडन्सच्या ब्रोशरमध्ये कधी बघितलंय का तुम्ही?

मग टेलिस्कोप चालू झाला. डेटा कॉम्प्युटरवर येत नव्हता, पेन कागदावर रेघ ओढत जायचं, रोज साधारण तीस मीटर कागद, आणि तो सगळा नुसत्या डोळ्यांनी तपासायचा. ऑगस्टच्या सुमारास तिला एका जागी जेमतेम अर्धा सेंटिमीटर खरखर दिसली. जे शोधत होते त्यातलं ते नव्हतं आणि माणसांच्या यंत्रांमुळे जो गोंधळ उठतो त्यातलंही वाटत नव्हतं. इथे दहातले नऊ जण पान उलटून पुढे गेले असते, मी पण गेलो असतो बहुतेक. तिला मात्र आठवलं की असलंच काहीतरी आपण आधी बघितलंय, म्हणून तिने मागचे कागद उकरले, तर आकाशाचा तोच तुकडा. आणि वेळ बघितली तर ती ताऱ्यांच्या दिवसाप्रमाणे चालली होती, म्हणजे तोच तारा परत त्याच जागी यायला लागतात त्या तेवीस तास छपन्न मिनिटांच्या, आपल्या चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे नाही. म्हणजे जवळपासच्या एखाद्या मशीनची भानगड असणं अवघड.

मग कागद जास्त स्पीडने सोडून ती खरखर पसरवून बघायचं ठरलं, तर नेमका सिग्नलच गायब, कित्येक आठवडे काही नाही. नोव्हेंबरच्या शेवटी एकदाचा आला आणि दिसलं की दर 1.33 सेकंदाला एक ठोका पडतोय, अगदी नियमित. तिच्या गाइडचं पहिलं म्हणणं हेच की हे माणसाने केलेलं काहीतरी असणार. गमतीत त्या सिग्नलला 'छोटे हिरवे लोक' असं नाव पण पडलं. निघाला तो पल्सार, म्हणजे एखाद्या शहराएवढा लहान पण सूर्याहून जड असा न्यूट्रॉन तारा, स्वतःभोवती गरगर फिरणारा. 1974 चं नोबेल या शोधासाठी गाइडला मिळालं, तिला नाही. माझ्या मते तो सरळ अन्याय होता, ती स्वतः याबद्दल फार शांतपणे बोलते ते सोडा. 2018 मध्ये तिला तीस लाख डॉलरचं दुसरं बक्षीस मिळालं, ते तिने सगळंच्या सगळं स्कॉलरशिपला देऊन टाकलं, फिजिक्सच्या रिसर्चमध्ये ज्या गटांमधली मुलं फारशी दिसत नाहीत त्यांच्यासाठी.

आता तुमच्यातले काही म्हणतील, आम्हाला नाही जमायचं कागद बघत बसणं, आमचे हात जास्त चालतात. अरे मग उत्तमच की! सर्न म्हणजे युरोपातली ती मोठी फिजिक्सची लॅब, तिचा तो सत्तावीस किलोमीटरचा बोगदा ऐकला असेल, त्यात अणूहून बारीक कण एकमेकांवर आपटवणारं यंत्र आहे, त्यातले मोठे चुंबक उणे 271 अंशाला ठेवावे लागतात. 2008 मध्ये सुरू झाल्यावर काही दिवसांतच दोन चुंबकांमधला एक विजेचा जोड निकामी झाला, चुंबक थंड ठेवणारा हेलियम बाहेर आला, आणि एवढं अवाढव्य यंत्र वर्षाहून जास्त बंद. एका जोडामुळे! तो जोड तपासणारा, व्हॅक्यूमची गळती शोधणारा, वेल्डिंग करणारा, सेन्सर बसवणारा, कोड लिहिणारा, हे सगळे सायन्समध्येच असतात, फक्त फोटोत नसतात. डिप्लोमा करून, आयटीआय करून या कामाला लागता येतं, आणि चांगला टेक्निशियन लॅब सोडून गेला की मोठमोठे प्रोफेसर हात चोळत बसतात.

एक कडू गोष्ट पण सांगून टाकतो, नाहीतर नंतर मला शिव्या घालाल. रिसर्चमध्ये पर्मनंट नोकरी मिळायला वेळ लागतो, पीएचडीत वर्षं जातात, तोपर्यंत बरोबरीचे मित्र कमवायला लागलेले असतात, घरचे विचारत राहतात की संपणार कधी. पीएचडी केलेले सगळेच प्रोफेसर होत नाहीत, तेवढ्या जागाच नसतात, बरेच जण कंपन्यांमध्ये जातात आणि तिथे मजेत असतात, त्यात कमीपणा काही नाही. म्हणून गाइड निवडताना त्याचं नाव किती मोठं आहे ते बघू नका, त्याच्याकडे आत्ता शिकणाऱ्या दोन-तीन मुलांना बाहेर चहाला गाठा आणि विचारा की प्रयोग फसला की हा माणूस कसा वागतो.

बरं, माझं झालं. माइक मागच्या रांगेकडे द्या, पुढचे आपोआप विचारतील.