दीड फुटाची भिंत आणि आतल्या खोलीतला टीव्ही

(दृश्य : गिरगावातली तिमजली चाळ. गॅलरीचा लाकडी कठडा. गच्चीवरून खाली उतरलेला काळ्या केबलींचा जुडगा.)

जुन्या मुंबईतल्या घराची भिंत किती जाड आहे हे पाहायचं असेल तर दाराच्या चौकटीत टेप धरावी. तळमजल्यावर दीड फूट सहज भरते. वर जावं तशी भिंत बारीक होत जाते, पण तिथेही ती आजच्या टॉवरमधल्या भिंतीच्या दुप्पट असते. आत विटा, चुना, अधेमधे सागवानी खांब. याच भागातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. इथली वस्ती किती जुनी आहे ते त्यावरून कळावं. या भिंतींनी मे महिन्यातलं ऊन बाहेर ठेवलं, शेजारच्या खोलीतला आवाज पलीकडे ठेवला. वायफाय त्यांच्या नंतर शंभर वर्षांनी आलं.

(दृश्य : बाहेरची खोली. दाराशेजारी खिळ्याला लटकवलेला राउटर, त्याच्याखाली लोखंडी कपाट, शेजारी पाण्याचं निळं पिंप.)

राउटर इथे का? फायबर गॅलरीतून आली, आणि नेटवाल्याला हीच जागा सोयीची होती म्हणून. टीव्ही आतल्या खोलीत, कारण आजी तिथे असतात.

"अरे, हे गोल परत फिरायला लागलं."

"आजी, नेट स्लो आहे."

मुंबईतल्या असंख्य घरांत रोज संध्याकाळी हेच बोलणं होतं, आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. नेट घराच्या दारापर्यंत व्यवस्थित आलेलं असतं. दारापासून टीव्हीपर्यंतच्या पंधरा-वीस फुटांत ते हरवतं.

(दृश्य : फोनचा पडदा. सिग्नलचा आकडा. फोन हातात धरून कोणीतरी बाहेरून आत चालत जातं.)

पैसे खर्च करण्याआधी मोजावं. अँड्रॉइड फोनवर वायफायचा जोर दाखवणारी अ‍ॅप्स फुकट मिळतात. आकडा उणे असतो. राउटरच्या समोर उणे ४० किंवा ५० दिसतो. टीव्ही नीट चालायला उणे ६७ च्या आसपास तरी असावा. उणे ८० ला फोनवर वायफायची खूण दिसत राहते, पण सिनेमा चालत नाही. हा आकडा दहाने घसरला की सिग्नलची ताकद एक दशांशावर येते. पन्नासवरून ऐंशीवर गेलं म्हणजे हजारावा भाग उरला.

आता राउटरपाशी उभं राहून स्पीड टेस्ट करा, मग तीच टेस्ट टीव्हीसमोर करा. नेटफ्लिक्स फोर-के चित्रासाठी १५ एमबीपीएस आणि फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस पुरे म्हणतं. बाहेर ८० आणि आत ३ दिसत असतील तर कंपनीला फोन करून उपयोग नाही. १००चा प्लॅन बदलून ३००चा घेऊन तर मुळीच नाही.

(दृश्य : दुरुस्ती चाललेली भिंत. प्लास्टर उतरवलेलं, विटा उघड्या.)

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटीमीटर लांब, ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्मी. पहिली भिंतीतून त्यातल्या त्यात बरी जाते, पण गती कमी. दुसरी वेगवान, पण जाड विटांत लवकर विरते. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की दोन्हींचं नुकसान होतं, कारण पाणी या लहरी शोषून घेतं. राउटरशेजारचं ते भरलेलं पिंप म्हणून वाईट. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा त्याहून वाईट, कारण धातू लहर परतवतो, आणि आरशाच्या पाठीमागेही धातूचा थर असतो.

आणखी एक गोष्ट जुन्या इमारतींत हमखास सापडते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. दुरुस्तीच्या वेळी भिंतीवर तारेची जाळी ठोकून वरून प्लास्टर करतात. गवंडी तिला चिकन मेश म्हणतात. जाळीची भोकं अर्ध्या-पाऊण इंचाची, म्हणजे लहरीच्या मानाने फारच लहान. लहर तिच्यातून मोकळी जात नाही. 'दुरुस्तीनंतर आतल्या खोलीत रेंज गेली' असं कोणी सांगितलं तर त्यांच्यावर विश्वास ठेवा.

मग लोक काय करतात? चार-सहा अँटेनांचा मोठा राउटर आणतात. पण राउटरने किती जोराने बोलावं याला सरकारी मर्यादा आहे, अँटेना कितीही असल्या तरी. शिवाय हे संभाषण दोन्हीकडून होतं. टीव्हीच्या आतली अँटेना छोटी, आणि तिलाही त्याच भिंतीतून परत उत्तर द्यायचं असतं.

(दृश्य : गॅलरीत उभं राहून फोनवर वायफायची यादी. नावं संपतच नाहीत.)

चाळीत दुसरी अडचण शेजाऱ्यांची. २.४ च्या पट्टीत एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल, म्हणजे बोलायच्या वाटा, तीनच : १, ६ आणि ११. एका मजल्यावर पंधरा राउटर असतील तर ते याच तीन चॅनलवर असतात, आणि नियम असा की एक बोलत असेल तर बाकीच्यांनी थांबायचं. सार्वजनिक नळावर जशी रांग लागते तशी. रात्री नऊला सगळ्यांच्या बादल्या एकदम येतात.

इथे ती जाड भिंत कामाला येते. ५ गिगाहर्ट्झची लहर जशी तुमच्या आतल्या खोलीत पोहोचत नाही, तशी शेजाऱ्याचीही तुमच्या आतल्या खोलीत पोहोचत नाही. त्या खोलीत ५ गिगाहर्ट्झवर जवळजवळ शांतता असते. म्हणजे राउटरच जर त्या खोलीत नेता आला, तर जुन्या घरात नव्या टॉवरपेक्षा चांगलं वायफाय मिळतं. तिथे पातळ भिंतींतून सगळ्यांचं सगळ्यांकडे झिरपत असतं. भिंतीतून सिग्नल ढकलण्याचा हट्ट सोडावा आणि तिच्या पलीकडे एक वायर न्यावी, असं आम्ही अगदी मनापासून सांगतो.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. गच्च्यांवरचे अ‍ॅल्युमिनियमचे अँटेना.)

मुंबईच्या घरात टीव्ही नेहमी वायरीवरूनच आला आहे. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि गच्च्यांवर अँटेना उभ्या राहिल्या. त्यांच्यापासून चपटी वायर खिडकीतून खोलीत यायची. नव्वदच्या दशकात केबलवाला आला, त्याने भिंतीला भोक पाडून काळी वायर आत घेतली. ते भोक बहुतेक घरांत अजून आहे. कधी कॅलेंडरमागे, कधी पुट्टीने बुजवलेलं. नवं भोक पाडण्याआधी ते शोधा. पागडीच्या खोलीत भिंतीला ड्रिल लावायचं म्हणजे मालकाची परवानगी आणि जुन्या विटांना हादरे. जुनं भोक सापडलं की दोन्ही टळतं.

तेही नसेल तर दारावरची झडप पाहा. हवा खेळावी म्हणून जुन्या घरांत दोन खोल्यांमधल्या दारावर उघडी जाळी किंवा तावदान ठेवलेलं असतं. लॅन केबल, म्हणजे राउटरपासून टीव्हीपर्यंत नेट नेणारी वायर, तिथून आरामात जाते. ती विजेच्या वायरींच्या पट्टीत घालू नका. थोडं अंतर ठेवून वेगळी न्या.

(दृश्य : लॅमिंग्टन रोड. दुकानाच्या काउंटरवर केबलचं रीळ. दुकानदार ब्लेडने तार खरवडतो.)

केबल घ्यायला गिरगावकर लॅमिंग्टन रोडला जातात. चालत दहा-पंधरा मिनिटं. कॅट सिक्स मागा, आणि आतली तार पूर्ण तांब्याची आहे का ते विचारा. स्वस्त केबलीत अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ओळखायची रीत सोपी आहे. तारेचं टोक ब्लेडने खरवडायचं. वरचा लालसर थर निघून आत पांढरं चमकलं की ती परत ठेवायची. असली तार वाकवता-वाकवता तुटते आणि खारट हवेत सांध्याशी लवकर खराब होते. घरातल्या वीस-तीस मीटरसाठी किमतीतला फरक फार नसतो.

घरी आल्यावर टीव्हीच्या मागे पाहा. बहुतेक टीव्हींना लॅनचं सॉकेट असतं. केबल सरळ त्यात लावली की वायफायचा प्रश्नच मिटला. ते सॉकेट बऱ्याच टीव्हींत १०० एमबीपीएसचंच असतं, पण फोर-के चित्राला तेवढं भरपूर झालं.

आतल्या खोलीत फोन आणि लॅपटॉपही चालवायचे असतील तर नवा राउटर घेण्याआधी माळ्यावर बघा. मागच्या कंपनीचा जुना राउटर तिथे असण्याची शक्यता बरीच आहे. त्याच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी बंद करा, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम बाहेरच्या राउटरकडेच राहील. केबल त्याच्या वॅन पोर्टला (बाहेरून नेट घेणाऱ्या भोकाला) न लावता लॅन पोर्टला लावा. नाव आणि पासवर्ड बाहेरच्यासारखेच, चॅनल मात्र वेगळा. हे काम कॉलेजात जाणारी कुठलीही नात अर्ध्या तासात करते.

(दृश्य : दोन खोल्यांमधलं उघडं दार. चौकटीशेजारी छोटा पांढरा डबा.)

वायर कुठूनच नेता येत नसेल तर मेश, म्हणजे आपसात वायफायने बोलणाऱ्या डब्यांचा संच, घ्यावा. दुसरा डबा टीव्हीशेजारी ठेवण्याची चूक सगळे करतात. जिथे सिग्नल पोहोचत नाही तिथे तो डबा तरी कुठून उचलणार? तो दाराच्या चौकटीत, पहिला डबा समोर दिसेल असा ठेवायचा. विजेच्या वायरीतून नेट नेणारी यंत्रंही मिळतात. पण पन्नास वर्षांच्या वायरिंगमध्ये सांधे किती आणि कुठे हे वायरमनलाही सांगता येत नाही, तिथे त्यांचा भरवसा धरू नये.

एवढं सगळं केलं तरी क्रिकेटच्या बाबतीत एक गोष्ट बदलणार नाही. शेजारी केबलवर मॅच बघत असतील तर विकेटची आरोळी तुमच्या आधी ऐकू येईल. स्ट्रीमिंगचं थेट प्रक्षेपण मुळातच काही सेकंद मागे असतं. चित्राचे तुकडे करून, साठवून, मग ते पाठवले जातात. घरातला कोणताही डबा हे अंतर मिटवू शकत नाही.

(दृश्य : पावसात चाळीची मागची बाजू. भिंतीवरून ओघळणारं पाणी, आत शिरणारी केबल.)

गॅलरीतून किंवा मागच्या भिंतीवरून आत येणाऱ्या केबलीला भोकाच्या अलीकडे खाली झोल द्या. नाहीतर जूनमध्ये पाणी तिच्यावरून ओघळत थेट खोलीत येतं. फायबरला मात्र घट्ट वळण चालत नाही. तिचा झोल मोठा, गोलसर ठेवा.

आणि इमारतीची दुरुस्ती निघणार असेल, म्हाडाची असो वा भाडेकरूंनी स्वतः काढलेली, तर प्लास्टर चढण्याआधी ठेकेदाराला गाठा. प्रत्येक खोलीच्या भिंतीतून एक रिकामा पीव्हीसी पाइप टाकून घ्या आणि त्यात नायलॉनची दोरी ओवून ठेवायला सांगा. पुढची केबल, ती जी कुठली असेल ती, त्या दोरीला बांधून ओढता येईल.