धमनीच्या भिंतीत काय शिजतं?

[दृश्य: पेठेतला लाकडी घाणा. शेंगदाण्याचं तेल डब्यात पडतंय. रांगेतली माणसं.]

निवेदन:
पुण्यात घाण्यावर रांग लागली की चर्चा ठरलेली. करडई बरी का शेंगदाणा? कुणीतरी हमखास सांगतंच, तेल जास्त झालं की नळात गाळ बसावा तशा शिरा चोंदतात.

नळाचं हे चित्र आधी डोक्यातून काढू. गाळ नळाच्या आतल्या बाजूवर बसतो. धमनीतला मेद मात्र भिंतीच्या आत, अस्तराखाली साठतो. आणि तो तिथं टिकतो, वाढतो त्यात मोठा हात असतो दाहाचा, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींनी दिलेल्या चिडक्या प्रतिसादाचा.

[दृश्य: ॲनिमेशन. धमनीचं अस्तर, जवळून.]

हे अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. धडधाकट असताना तो नायट्रिक ऑक्साइड सोडतो. त्यानं वाहिनी सैल राहते, पांढऱ्या पेशी भिंतीला न चिकटता निघून जातात. या रेणूचं काम उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८चं नोबेल मिळालं.

अस्तर चिडलं की त्यावर चिकट रेणू येतात. रक्तातून चाललेली मोनोसाइट ही पांढरी पेशी तिथं अडखळते, गडगडत थांबते आणि दोन पेशींच्या फटीतून आत शिरते. आत एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, ऑक्सिडाइझ झालेले कण असतात. ते ती गिळत सुटते, इतके की सूक्ष्मदर्शकाखाली फेसानं भरल्यासारखी दिसते.

आता ताटातलं तेल. त्यातली मेदाम्लं, म्हणजे मेदाचे मूळ घटक, आपल्या पेशींच्या आवरणात जाऊन बसतात, आणि वेळ आली की त्यांच्यापासूनच दाहाचे निरोप, म्हणजे रासायनिक संदेश, तयार होतात. ओमेगा-६ कुळातल्या ॲरॅकिडोनिक आम्लाचे निरोप बरेचदा दाह पेटवणारे. बांगडा-तारलीतली ईपीए, डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्लं हे निरोप बनवणाऱ्या त्याच विकरांवर (एन्झाइमांवर) हक्क सांगतात. त्यांचे निरोप सौम्य, आणि त्यांच्यापासून होणारे रिझॉल्व्हिन नावाचे रेणू तर दाह आवरता घेतात. जवसातही ओमेगा-३ भरपूर, पण त्यातलं फार थोडं शरीरात ईपीए होतं. चटणी जरूर खावी. बांगड्याची बरोबरी मात्र ती करत नाही.

‘करडई, सूर्यफूल म्हणजे विष’ हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर येतो तो इथूनच. या तेलांत लिनोलिक आम्ल जास्त, ते ओमेगा-६, म्हणजे दाह आलाच! तर्क झकास आहे. पण माणसांवरच्या चाचण्यांत लिनोलिक आम्ल वाढवलं म्हणून सीआरपी या रक्तातल्या प्रथिनासारखे दाहाचे निर्देशक वाढलेले दिसत नाहीत. उलट लोणी, पामतेल कमी करून ही तेलं घेतली की एलडीएल उतरतं.

[दृश्य: बेकरी. भट्टीतून खारीचा ट्रे बाहेर येतो.]

सगळ्यात वाईट नोंद आहे ती ट्रान्स मेदाची. तेलात हायड्रोजन घालून ते अर्धवट घट्ट केलं, की हा मेद तयार होतो. जुनं वनस्पती तूप असंच बनायचं. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात, जास्त ट्रान्स मेद खाणाऱ्यांच्या रक्तात सीआरपी तर जास्त होतंच, शिवाय अस्तरावरचे ते चिकट रेणूही जास्त सापडले. आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं तेल-वनस्पतीतली ट्रान्स मेदाची मर्यादा ५ टक्क्यांवरून २०२१मध्ये ३वर आणि २०२२मध्ये २वर आणली.

[दृश्य: संध्याकाळ. वडापावची गाडी, काळपट तेलाची कढई.]

पण डब्यातलं तेल नियमात बसलं तरी कढईतलं बसेलच असं नाही. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की मेदाम्लं ऑक्सिडाइझ होतात, तुटतात. या मोडतोडीतून होणारे ‘पोलर’ घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की तेल वापरायचं नाही, असा २०१८पासूनचा नियम. मोजायला हातात धरायचं यंत्रही मिळतं. गाडीवर ते कुणी पाहिलंय?

[दृश्य: दोन शर्टधारी पुरुषांच्या आकृत्या, शेजारी शेजारी.]

आणि एक खास पुणेरी गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! पोटातली अशी लपलेली चरबी मेदाम्लं आणि दाहाचे निरोप रक्तात सोडत राहते. त्यामुळे ‘मी काटकुळा, मला काय धाड भरलीय’ म्हणत जो दुसरा वडापाव मागवतो, त्याच्या अस्तराला मार दोन्हीकडून बसू शकतो: ताटातूनही आणि पोटातूनही.